पप्पांच्या गाण्यांना लागलेलं कुलूप

आंघोळ झाली की पप्पा कॉम्प्युटरसमोर बसायचे. उजवा हात मांडीवर तसाच पडलेला असायचा. डाव्या हाताने ते बटण दाबायचे, पिन टाकायचे आणि स्वतःचीच गाणी लावायचे. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून त्यांची वाचा गेली होती. आवाज होता, पण शब्द नव्हते. पाणी हवं असलं तरी “ते... ते...” एवढंच यायचं, आणि आपण चुकीची वस्तू पुढे केली की ते चिडून मान फिरवायचे. गाणं लागलं की मात्र ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून स्वच्छ बाहेर पडायचा, सुरात. बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या होत्या, “रोज ऐकू द्या त्यांना. बोलणं गेलं तरी गाणं कधीकधी मागे राहतं. त्यालाच धरून काही शब्द परत येतील.” त्यामुळे आई स्वयंपाकघरातून सतत कान देऊन असायची. एखाद्या दिवशी दोन शब्द सलग आले, तर लाटणं हातात घेऊनच बाहेर यायची.

पप्पा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. ड्युटी सांभाळून त्यांची गायन पार्टी चालायची. भीमजयंतीच्या महिन्यात ते घरी फक्त कपडे बदलायला यायचे. रिटायर झाल्यावर आम्ही बदलापूरला खरवईत फ्लॅट घेतला, तेव्हा त्यांनी उल्हासनगरहून कॉम्प्युटर आणि माइक आणला. खिडक्या लावून, पंखा बंद करून, घामाने निथळत ते एकेक गाणं रेकॉर्ड करायचे. आई वैतागायची, “अहो, कोण ऐकणारंय एवढं?” ते म्हणायचे, “कोणी नाही ऐकलं तर मी ऐकेन.”

अपडेट आला तो रविवार होता. पडद्यावर गोल चकरी फिरत होती आणि खाली लिहून आलं होतं की बंद करू नका. पप्पा खुर्चीत शांत बसून राहिले. मग कॉम्प्युटर आपोआप बंद झाला, चालू झाला आणि निळा पडदा आला. रिकव्हरी की टाका, असं त्यावर लिहिलं होतं. पप्पांनी पिन टाकला. काही झालं नाही. पुन्हा टाकला. मी बंद करून चालू केलं. प्लग काढून थोडा वेळ ठेवला. मोबाईलवर बघून एकेक बटण दाबत गेले. प्रत्येक वेळी तोच निळा पडदा.

“पप्पा, ही की म्हणजे लांबलचक नंबर असतो. तुम्ही कुठे ठेवला होता का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “ते,” म्हणाले. हाताने कपाटाकडे दाखवलं, मग खिडकीकडे, मग हात खाली पडला. त्यांना प्रश्न कळला होता की नाही, हेही मला कळलं नाही.

पुढच्या सुट्टीला मी सीपीयू चादरीत गुंडाळला आणि रिक्षाने उल्हासनगर कॅम्प दोनला नेला. पप्पांनी जिथून घेतला होता ते दुकान आता नव्हतं, तिथे मोबाईलची कव्हरं लटकत होती. शेजारच्या गल्लीत एक सिंधी काका रिपेरिंग करायचे. त्यांनी डिस्क बाहेर काढून दुसऱ्या मशीनला लावली, बराच वेळ बघितली.

“दीदी, डिस्क में कुछ खराबी नहीं. माल सगळा आतच आहे. पण ताला लागलाय. अपडेट के बाद कभी कभी चाबी मांगता है.”

“मग तोडता येणार नाही का?”

“ये ताला कोणीच नाही तोडत. चाबी नहीं तो फॉरमॅट. मंजे सगळं साफ.” मग माझा चेहरा बघून म्हणाले, “ज्या अकाउंटवर चालू केला होता ना, त्यात चाबी सेव असते. वो खोलो.”

खात्याचा ईमेल मला माहीत होता, पासवर्ड नव्हता. ‘पासवर्ड विसरलात का?’वर दाबलं तर ओटीपी पप्पांच्या जुन्या मोबाईल नंबरवर जाणार होता. तो नंबर झटक्यानंतर कोणी रिचार्जच केला नव्हता. बोलता न येणाऱ्या माणसाला फोन कशाला, असं आम्हा सगळ्यांनाच वाटलं होतं. मी तो नंबर लावला. वाटलं, बंद लागेल. रिंग वाजली.

“कोन बोलतंय?” एका बाईचा आवाज होता.

मी सगळं सांगितलं. हा नंबर आधी माझ्या वडिलांचा होता, त्यांच्या कॉम्प्युटरसाठी त्यावर एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का. सांगतानाच मला माझं बोलणं चोरासारखं वाटायला लागलं.

“ओटीपी कुनालाच सांगायचा न्हाई,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी परत लावला, तिने कापला. तिचं काहीच चुकत नव्हतं. मी तिच्या जागी असते तर पोलिसांचीही धमकी दिली असती.

दोनेक दिवसांनी तिचाच फोन आला.

“तुमचे वडील गानं म्हनायचे का?”

“हो. तुम्हाला कसं कळलं?”

“आवं, लई फोन येतात मला. कार्यक्रमाला कधी येता, ह्या साली किती मान्सं आननार. मी आपली राँग नंबर म्हनून ठेवते. काल बी एक आला, तवा तुमची याद आली.” ती जालन्याकडच्या एका खेड्यातली होती. “व्हिडिओ लावा. दावा बरं त्यास्नी.”

मी व्हिडिओ कॉल केला आणि फोन पप्पांसमोर धरला. डोक्यावर पदर घेतलेली, माझ्याच वयाची बाई, मागे पत्र्याची भिंत. पप्पा तिच्याकडे बघत राहिले. तिने हात जोडून “जय भीम, बाबा” म्हटलं. पप्पांनी डावा हात वर केला. ओठ हलले, पण त्यातून काही आलं नाही. तिने ते पाहिलं. मग मला म्हणाली, “पाठवा तुमचा ओटीपी.”

तिने एकेक आकडा वाचला, मी आईच्या मोबाईलवर टाकत गेले. खातं उघडलं. वर पप्पांचा पार्टीच्या ड्रेसमधला फोटो आला. आई माझ्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. मी रिकव्हरी कीचं पान उघडलं.

तिथे लिहिलं होतं, या खात्यात एकही की नाही.

मी पान पुन्हा उघडलं. बाहेर पडून परत आत गेले. तेच. त्याच मोबाईलवरून सिंधी काकांना फोन केला. ते म्हणाले, “मग दुकानवाल्याने पहिल्यांदा आपल्या अकाउंटवर चालू करून दिला असेल. बहुत लोग ऐसाच करते हैं. चाबी तिकडे गेली.” दुकानवाल्याबद्दल त्यांनी फोन चालू ठेवूनच शेजारच्या दुकानात विचारलं. तो गावी गेला एवढंच कळलं. कुठलं गाव, कोणाला ठाऊक नव्हतं.

“मिळाली का वो ताई चाबी?” जालन्याची बाई माझ्या फोनवर अजून होतीच. मी नाही म्हणाले. “अगं माय,” ती म्हणाली. मग तिच्याकडे कोणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवला.

सिंधी काकांनी जुनी डिस्क काढून माझ्या हातात दिली आणि नवी बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला, आधीपेक्षा भरभर. घरी आणल्यावर पप्पा त्यासमोर बसले, माऊस फिरवला, फोल्डर शोधलं. निळं आभाळ आणि हिरवं गवत असलेला फोटो होता तेवढाच. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. मग उठून भिंतीचा आधार घेत आत जाऊन पडले. त्यानंतर ते त्या खुर्चीवर बसले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, दुसरं कोणी गायलं तरी चालेल, प्रयत्न करा. म्हणून पप्पांच्या पार्टीतले दोघे अंबरनाथहून आले. एक पेटीवाले काका, एक ढोलकीवाले. कितीतरी दिवसांनी घरात पेटी वाजली. आईने दार उघडंच ठेवलं, शेजारचेही येऊन उभे राहिले. पेटीवाल्या काकांनी पप्पांचं सगळ्यात गाजलेलं गाणं धरलं. ध्रुवपद झालं. पहिलं कडवं झालं. पप्पा त्यांच्या बोटांकडे बघत होते. ओळ संपायच्या जागी काका थांबायचे, भुवया उंचावून त्यांना खुणवायचे. पप्पा नुसतं हसायचे, पाहुण्यांकडे बघून हसतात तसं.

दुसऱ्या कडव्याला काका अडले. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली. ढोलकीवाल्या काकांनी मान हलवली.

“पुढचं काय होतं रे?”

“मला कुठे शब्द माहीत. मी ठेका धरायचो.”

गाणी पप्पांनी स्वतः रचलेली होती. फॅक्टरीत मशीनवर उभं राहून ते मनातच शब्द जुळवायचे आणि संध्याकाळी थेट पेटीवर बसायचे. कागदावर त्यांनी कधी काही उतरवलंच नव्हतं. पेटीवाले काका सवयीने त्यांच्याकडेच वळले.

“दादा, दुसरं कडवं कसं सुरू होतं हो?”

विचारून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पप्पांनी तोंड उघडलं. मान पुढे काढली, गळ्याच्या शिरा ताणल्या, डावी मूठ आवळली. “ते,” ते म्हणाले. “ते... ते...” मग त्यांनी डोळे मिटून घेतले.

काकांनी पेटीचा भाता लावला. आईने चहा आणला. चहा पिताना फॅक्टरीतल्या जुन्या गोष्टी निघाल्या, कोण गेलं, कोणाची मुलं कुठे आहेत. निघताना दोघे पप्पांच्या पाया पडले आणि पुढच्या महिन्यात परत येतो म्हणाले. मी त्यांना खाली रिक्षापर्यंत सोडायला गेले, तेव्हा ढोलकीवाले काका रडत होते. दोघेही पुन्हा आले नाहीत, आणि मीही बोलावलं नाही.