बर्फाला इंग्रजीत काय म्हणतात

माझं इंग्रजी उत्तम आहे असा माझा समज होता आणि बहारीनमध्ये तो खोडून काढणारं कुणी भेटलं नाही. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. पुण्यात टायपिंग-शॉर्टहँडच्या परीक्षा देऊन आलेला मी तुबलीतल्या एका बर्फाच्या कारखान्यात कारकून होतो. व्हिसावर 'सेक्रेटरी' लिहिलेलं, म्हणून घरच्या पत्रांतही मी सेक्रेटरीच. मालकाला आम्ही सगळे अरबाब म्हणायचो. माणूस वाईट नव्हता, फक्त त्याला कुठलीही गोष्ट आज सुचली की ती काल व्हायला हवी असायची.

मासेमारीच्या होड्यांना आमचा बर्फ जायचा. लाद्या फोडायच्या, चुरा करायचा आणि फावड्यानं भरायचा. अरबाबनं कुठल्याशा बंदरात बर्फाचा चुरा थेट होडीत फेकणारं यंत्र पाहिलं होतं. त्यानं मला बोलावलं आणि हातवारे करत हिंदीत सांगितलं, की थल्ज फेकणारं, ट्रॅक्टरच्या मागं लागणारं मशीन युरोपातून मागव, जुनं चालेल.

थल्ज म्हणजे बर्फ, एवढं अरबी मला येत होतं. पंचाईत पुढेच होती. अरबीत थल्ज एकच, मराठीत बर्फ एकच, हिंदीतही तेच. इंग्रजांनी मात्र एका बर्फाचे दोन करून ठेवलेत. मी डिक्शनरी काढली, डोकं खाजवलं आणि ठरवलं, की 'आइस' म्हणजे लादी आणि चुरा झालेला भुसभुशीत बर्फ म्हणजे 'स्नो'. झालं! अर्ध्या हळकुंडानं पिवळा होऊन मी ऐटीत टाइप केलं: ट्रॅक्टरला जोडायचा, वापरलेला, एक स्नो ब्लोअर. ध चा मा करायला पूर्वी निदान कारस्थान लागायचं, मला नुसता टाइपरायटर पुरला.

तिकडच्या दलालालाही शंका आली नाही, की वाळवंटाच्या कडेचा हा माणूस स्नो कशाला उडवतोय. आली असली तर त्यानं ती गिळली असणार, जुनं धूड त्यालाही खपवायचंच होतं. तीन महिन्यांनी लाकडी खोक्यातून एक लालभडक, रंग उडालेलं यंत्र यार्डात उतरलं. पुढे आडवा स्क्रू, वर उंटाच्या मानेसारखं धुराडं. सोबत पुस्तक होतं, आम्हाला न कळणाऱ्या भाषेत, पण चित्रं स्पष्ट होती. लोकरी टोपीतला एक माणूस खिडकीपर्यंत बर्फात बुडालेल्या घरासमोरचा रस्ता मोकळा करत होता. ते चित्र पाहिलं आणि मी पुस्तक घाईघाईनं मिटून टाकलं.

कारण अरबाबच्या टेबलावर माझा कागद पडला होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि बायको पुण्यातच होती. तिच्या व्हिसासाठी त्याची सही हवी होती. मी विचारायला गेलो की तो म्हणायचा, "पहले मशीन, बाद में मदाम." हे मशीन चुकून आलंय आणि चूक माझी आहे असं कळलं असतं तर मदाम राहिली बाजूला, मीच पुढच्या विमानात बसलो असतो. म्हणून मी छातीठोकपणे सांगितलं, की मशीन बरोबर आहे, जुनं आहे म्हणून फक्त गिअरबॉक्सचं ऑइल बदलायला हवं. गिअरबॉक्स म्हणजे काय हेही मला तेव्हा धड माहीत नव्हतं.

ऑइल बदलायचं काम मिस्त्रींकडे आलं. हे कोल्हापूरकडचे, साखर कारखान्याच्या वर्कशॉपात ट्रॅक्टर दुरुस्त करून हात काळे झालेले, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. त्यांनी पुस्तकातली चित्रं शांतपणे पाहिली, यंत्राला एक फेरी मारली आणि माझ्याकडे बघितलं.

"सायेब, ह्ये बर्फाचंच हाय," ते म्हणाले, "पर आपल्या बर्फाचं न्हाई."

मी तिथेच सगळं ओकून टाकलं. डिक्शनरी, स्नो, बायकोचा कागद, सगळं. ते हसले नाहीत. त्यांचाही कागद त्याच टेबलावर होता, रजेचा. दोन वर्षांनी घरी जायचं होतं, मोठ्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तो अर्जही मीच टाइप केला होता. म्हणाले, चला, चालवून तर बघू, दोघांचंबी कागद निघू द्यात.

गिअरबॉक्स म्हणजे यंत्राच्या पाठीवरचा एक लोखंडी डबा. वर ऑइल ओतायचा बोल्ट, कुशीत पातळी बघायचा बोल्ट आणि खाली ऑइल काढायला काहीच नाही. मिस्त्रींनी उताणं पडून सगळीकडून चाचपलं आणि बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशी केली. शेवटी सबंध धूड साखळीनं उचलून कलतं केलं, तेव्हा वरच्या भोकातून ऑइल आलं. ऑइल कसलं, ताकच. पाणी शिरून पांढरं फटक पडलेलं. मिस्त्री म्हणाले, ह्ये तिकडच्या बर्फाचं पानी. मी उगाच बोट बुडवून पाहिलं. बाहेर उन्हानं पत्रे तापले होते आणि ते पाणीही कोमटच लागलं.

मग रॉकेलनं डबा धुतला, यंत्र सरळ केलं आणि वरून नव्वद नंबरचं ऑइल सोडलं. घट्ट असल्यामुळे ते सावकाश उतरत होतं. कुशीतल्या भोकातून थेंब डोकावले तसे मिस्त्रींनी दोन्ही बोल्ट आवळले. काम इतकं नेटकं झालं, की मलाही क्षणभर वाटलं, हे यंत्र आपण मुद्दामच मागवलंय.

अरबाब पांढराशुभ्र झगा घालून चाचणीला आला. ट्रॅक्टर सुरू झाला, पोरांनी चुरा ओतला आणि काय सांगू, धुराड्यातून बर्फ असा उडाला, की भिंत ओलांडून शेजारच्या गॅरेजातल्या गाडीवर जाऊन पडला. अरबाबनं टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात चुऱ्यातून लादीचा एक न फुटलेला तुकडा आत गेला, खाड्‌कन आवाज झाला आणि स्क्रू थांबला. मिस्त्रींनी समजावलं, की एक मऊ बोल्ट मुद्दाम तुटण्यासाठीच ठेवलेला असतो, म्हणजे गिअर वाचतो. दुसरा घातला, तोही तुटला. अरबाब वैतागला. म्हणाला, मजबूत बोल्ट घाल. मिस्त्री नको नको म्हणत होते. अरबाब म्हणाला, "यल्ला," म्हणजे चल, आटप. मजबूत बोल्ट बसला, तो अजिबात तुटला नाही, त्याच्याऐवजी गिअरबॉक्स तुटला. आमचं नवंकोरं ऑइल बर्फावर सांडलं.

"किसका गलती?" अरबाबनं विचारलं.

खरं उत्तर द्यायचं तर आधी माझी आणि मग त्याची स्वतःची. मालकाला कोण सांगणार? मिस्त्रींनी कुणाचंच नाव येऊ नये म्हणून शहाणपणा केला. म्हणाले, ऑइल का गलती.

"ऑइल किसने डाला?"

मिस्त्रींनी हात पुसत माझ्याकडे पाहिलं. मला बोलायला भरपूर वेळ होता. पत्र मी लिहिलं, एवढंच म्हणायचं होतं.

"मिस्त्रीने," मी म्हणालो.

अरबाब तसाच ऑफिसात गेला. मिस्त्रींच्या अर्जावर त्यानं आडवी रेघ मारली, खलास म्हणाला आणि त्याच पेनानं माझ्या कागदावर सही केली. वर मला शाबासकीही दिली, की या यार्डात खरं बोलणारा एक तरी माणूस आहे. मी शुक्रन म्हणून त्याचे आभारही मानले. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बायको आली, झिंज नावाच्या वस्तीत दोन खोल्या घेतल्या. एका शुक्रवारी तिनंच आग्रह केला, की इथल्या तुमच्या माणसांपैकी कुणाला तरी जेवायला बोलवा. मी मिस्त्रींना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले, खाली मांडी घालून बसले आणि आमटीचं कौतुक केलं. बायकोनं मुलाबाळांची चौकशी केली तेव्हा म्हणाले, थोरलीचं लगीन झालं गेल्या बेस्तरवारी. तुम्ही गेला नाहीत? रजा न्हाई गावली, वहिनी. मग त्यांनी मशीनची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की बायको पदर तोंडाला लावून हसत सुटली. भिंतीपलीकडे उडालेला बर्फ, मजबूत बोल्ट, सगळं सांगितलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

हसू ओसरल्यावर तिनं विचारलं, "पण असलं मशीन मागवलं तरी कोणी?"

मिस्त्रींनी भातात आमटी कालवली. माझ्याकडे वरसुद्धा पाहिलं नाही.

"काय ठावं वहिनी. टाइप केलेलं पत्र हुतं. अक्षरावरनं मानूस वळकायला येत न्हाई."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. ती पुन्हा काही विचारील म्हणून मी पाणी आणायला उठलो.