दीवच्या किनाऱ्यावर मारलेली हाक

हुपरीत आमच्या घराच्या सोप्यातच चांदीचं काम चालायचं. लग्न होऊन आल्यापासून मी पैंजणांना घुंगरं जोडत होते. तयार माल राजकोटच्या व्यापाऱ्याकडं पोचवायला माझे यजमान आणि धाकटे दीर जायचे. नव्वदच्या दशकाची अखेर होती. ऐन निघायच्या वेळी दिरांना कावीळ झाली. एकट्यानं एवढी चांदी न्यायची कशी, यावर घरात बराच खल झाला. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "हिला न्हे की. बाईमाणूस संगं असलं की पिशवीकडं कोण बघत न्हाय."

अशी मी कोल्हापूर स्टेशनात पहिल्यांदा लांबच्या गाडीत बसले. पैंजण माझ्या साड्यांच्या घड्यांत होते.

राजकोटला माल सुखरूप पोचला. परतीचं रिझर्व्हेशन मात्र दोन दिवसांनंतरचं होतं. लॉजवर नुसतं बसून काय करायचं, समुद्र बघायचा का, असं यजमानांनी विचारलं. दीव नावाचं बेट आहे, एसटीनं जाता येतं, हे त्यांना व्यापाऱ्याकडून कळलं होतं. मी तोवर पंचगंगेच्या पुरापेक्षा मोठं पाणी पाहिलं नव्हतं.

रात्रीच्या एसटीनं निघून सकाळी खाडीवरचा पूल ओलांडून आम्ही बेटावर उतरलो. पिवळ्या, निळ्या भिंतींची घरं, मधेच एक पांढरंशुभ्र चर्च. गावाकडं मी यजमानांच्या चार पावलं मागं चालायची. इथं बोळ अरुंद होते, तरी ते माझ्यासाठी थांबायचे आणि आम्ही बरोबरीनं चालायचो. आज भाकरी थापायच्या नाहीत, हे मला सारखं आठवत होतं आणि दर वेळी नव्यानं बरं वाटत होतं. किल्ल्याच्या तटावर बसून शहाळी प्यालो. एका खानावळीत तळलेला मासा आणि भात खाल्ला. यजमानांनी आपल्या ताटातली मोठी तुकडी माझ्या ताटात सरकवली.

दुपारनंतर रिक्षानं किनाऱ्यावर गेलो. तिथली झाडं ताडासारखी, पण त्यांना फांद्या फुटलेल्या. यजमान विहिरीत पोहून मोठे झालेले. पाणी बघून त्यांना राहवलं नाही. शर्ट माझ्याकडं देऊन ते आत शिरले आणि बघता बघता लांब गेले. शेजारी शंखशिंपले विकत बसलेली बाई मोडक्या हिंदीत मला म्हणाली, खडकांच्या पलीकडं ओढ आहे, माणसाला परत बोलव.

मी उठून "अवो, अवो" म्हणून ओरडले. वाऱ्यात काही ऐकू जाईना. पाण्यात आणखी पुरुष होते, त्यातले दोघं माझ्याकडं बघायला लागले. हे मात्र पुढंच चालले होते. लग्नात उखाण्यात घेतलं होतं, त्यानंतर मी त्यांचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. मी होती नव्हती ती ताकद लावून नावानं हाक मारली. ते थांबले. वळले. हळूहळू हात मारत परत आले.

"कोण हाक मारत हुतं?" त्यांनी विचारलं.

"मी."

ते निथळत तसेच उभे राहिले. मला वाटलं, रागावले.

"परत एकदा मार की," ते म्हणाले.

मी लाजले, पण मारली. मग वाळूत बसून ते बोलत राहिले. वडील गेल्यापासून घरात ते आईलासुद्धा दादा, बाजारात शेठ. नावानं बोलावणारं कोणी उरलंच नव्हतं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि एवढं बोलणं आमचं पहिल्यांदाच होत होतं. मीही माझ्या मनातलं सांगितलं. नाजूक, कमी घुंगरांचा एक पैंजण मला करून बघायचा होता. घरी गेल्यावर कर, असं ते लगेच म्हणाले.

तो पैंजण चालला. दीर बरे झाले, तरी राजकोटच्या खेपा आम्ही दोघंच करू लागलो. व्यापाऱ्याशी नमुन्यांचं बोलणं माझ्याकडं आलं.

त्या पहिल्या खेपेवरून घरी पोचलो त्या दिवशी सासूबाई माझ्याजवळ बसून समुद्राचं खोदून खोदून विचारत होत्या. पाणी खरंच खारट असतं का? पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे काय? पुढच्या वर्षी आम्ही त्यांनाही नेलं. लाट आली तशा त्या साडीसकट तिथंच बसल्या. आम्ही उठा म्हणत होतो आणि त्या पुढची लाट यायची वाट बघत होत्या.