बारनबी अस्वलाची फुंकर

इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या एका पिझ्झा रेस्टॉरंटमध्ये मला आजन्म प्रवेशबंदी होती. दारू पिऊन धिंगाणा घातला म्हणून नव्हे. मी एका अस्वलाचा श्वास कोंडला म्हणून.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रिंगरोडवरचं कार्पेटचं एक भलंमोठं दुकान बंद झालं आणि तिथे 'बारनबीज' नावाचं फॅमिली पिझ्झा रेस्टॉरंट उघडलं. मालक म्हणे अमेरिकेत सुट्टीला गेला होता, तिथे त्याने गाणारी-नाचणारी यांत्रिक जनावरं बघितली आणि येताना तेच खूळ डोक्यात घेऊन आला. स्टेजवर तीन कलाकार: गिटारवालं बारनबी अस्वल, ड्रम बडवणारा उंदीर आणि पापण्या मिचकावत गाणारी एक कोंबडी. दर अर्ध्या तासाने पडदा सरकायचा आणि मंडळी सुरू व्हायची. पिझ्झा अगदीच भिकार होता (खोका बरा लागला असता!), पण पिझ्झा खायला तिथे जात होतं कोण? खरी गंमत वाढदिवसाची. अस्वल मुलाचं नाव घ्यायचं, कमरेत वाकायचं आणि केकवरच्या मेणबत्त्या चक्क स्वतःच्या तोंडाने फुंकायचं! पोटातल्या नळीतून खरी हवा यायची. अख्ख्या ब्रिस्टलची पोरं त्यापायी वेडी झाली होती.

आमची मुग्धा तेव्हा आठ वर्षांची होणार होती. सातवा वाढदिवस आम्ही घरी केला होता. तेरा मुलांना बोलावलं, आली दोन. त्यातल्या एकाला तर त्याच्या आईने हाताला धरून आणून सोडलं होतं. उरलेले बटाटेवडे आम्ही चार दिवस खाल्ले. मुग्धा त्यावर एक अक्षर बोलली नाही, आणि तेच मला आणि माझ्या बायकोला, सुनीताला, जास्त लागलं. या वर्षी 'बारनबीज'चं नाव काढायचा अवकाश, चौदाच्या चौदा जण येतो म्हणाले! वर्गाची महाराणी एमासुद्धा!

"बाबा, तो अस्वल माझा नाव घेणार," मुग्धा म्हणाली. "आणि प्लीज, काही इंडियन-इंडियन नको करू. जस्ट बी नॉर्मल."

"मी कधी नॉर्मल नसतो गं?"

माझी बायको हॉस्पिटलात डॉक्टर आहे. ती हे ऐकून नुसती खोकली.

त्याच वेळी माझी कमलआत्या सांगलीहून तीन महिन्यांसाठी आली होती. मुग्धाची आणि तिची भारी गट्टी. वाढदिवसाच्या सकाळी मुग्धाने तिला हातवारे करून सगळा कार्यक्रम समजावून सांगितला. अस्वलाच्या फुंकरीपर्यंत आत्या कौतुकाने ऐकत होती. तिथे मात्र तिच्या हातातली चहाची बशी कलंडली.

"फुंकून? विनू, ही काय म्हणतेय? लेकराच्या वाढदिवसाला ज्योत फुंकून विझवायची?"

"अगं आत्या, मेणबत्त्या असतात त्या."

"ज्योत ती ज्योत! आपण औक्षण करतो रे, दिवा लावतो. तोंडाने फुंकून कुणी विझवतं का? आणि तेही अस्वलाने? शिव शिव! मी गाडीतच बसेन बाई. असलं अशुभ माझ्या डोळ्यांनी बघवायचं नाही."

"नो!" मुग्धाचा चेहराच पडला. "आत्याआजी आत यायलाच पाहिजे!"

एकीकडे आठ वर्षांची पोर, दुसरीकडे अडुसष्ट वर्षांची आत्या, मध्ये आठ मेणबत्त्या. कुणीही गांगरलं असतं. मी नाही गांगरलो. मी विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर होतो, हवेचे आणि तेलाचे दाब हा माझा रोजचा धंदा. मी शांतपणे म्हणालो, "त्यात काय! मी बघतो."

"तुम्ही काहीही बघू नका," सुनीता ताबडतोब म्हणाली. (बॉयलर मी 'बघितला' तेव्हा आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांकडे अंघोळीला जात होतो. पण तो बॉयलरचा दोष होता!)

बेत अगदी साधा होता. अस्वल वाकलं की मी पडद्यामागे जाऊन फुंकरीची तेवढी नळी अंगठ्याने दाबणार. अस्वल तोंड उघडणार, हवा येणार नाही, ज्योती तशाच राहणार. मुलांना वाटणार, मेणबत्त्या चिवट आहेत. मुग्धा खूश, आत्या खूश, आणि मी काय केलं ते कुणाला कळणारही नाही. आत्याने बेत ऐकला, माझ्याकडे अभिमानाने बघितलं आणि पर्समध्ये कुंकवाची डबी टाकली.

दुपारी तीनला आम्ही सगळे पहिल्या रांगेतल्या टेबलाशी. चौदा पोरं, डोक्यावर कागदी टोप्या, मधोमध पांढऱ्या क्रीमचा केक. तिथली मॅनेजर मॉरीन, बो-टाय लावलेली खमकी बाई, आत्याला म्हणाली, "ऑल राइट, माय लव्हर?" (ब्रिस्टलमध्ये सगळ्यांनाच असं म्हणतात. अर्थ सांगायच्या भानगडीत मी पडलो नाही.) मेणबत्त्या पेटल्या, पडदा सरकला, आणि मॉरीन माइक घेऊन कोपऱ्यात गेल्याबरोबर मी पडद्यामागे सटकलो.

मागे सगळा नळ्यांचा गुंता! निळ्या, लाल, पिवळ्या. खाली कॉम्प्रेसर धडधडतोय. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी अस्वलाच्या मानेपर्यंत जाणारी पिवळी नळी शोधली, मुडपली आणि वरून अंगठा दाबून धरला. "हॅपी बर्थडे, मुग्धा!" अस्वल गरजलं आणि वाकलं. फटीतून मला दिसत होतं. अस्वलाने जबडा उघडला... आणि काही नाही! आठही ज्योती जागच्या जागी! आत्याने दोन्ही हात जोडले. अस्वलाला की मला, ते कळलं नाही.

बेत इथे संपायला हवा होता. पण त्या अस्वलाच्या यंत्रात फुंकर पुरी झाल्याशिवाय पुढचं काहीच होत नसे, हे मला कुणी सांगितलं होतं? अस्वल वाकलेलं ते वाकलेलंच. कॉम्प्रेसर जोर लावतोय, हवा येतेय, तिला जायला वाट नाही! मग ती मिळेल तिथे घुसली. उंदीर दुप्पट वेगाने ड्रम बडवायला लागला. कोंबडीने दोन्ही पंख वर केले ते खालीच घेईना. तिच्या पापण्या फडफड फडफड! अस्वलाचा गिटारवाला हात सुटला आणि स्वतःच्याच कानफटात मारायला लागला!

"इज ही ओके?" एमाने विचारल्याचं मला ऐकू आलं.

"व्हॉट आर यू डूइंग इन देअर?" हा आवाज माझ्या पाठीमागून आला. मॉरीन!

दचकून माझा अंगठा सुटला.

इतका वेळ कोंडलेली सगळी हवा एका दमात अस्वलाच्या तोंडातून बाहेर पडली. भप्पऽऽ! मेणबत्त्या नुसत्या विझल्या नाहीत, उडाल्या! पाठोपाठ केकचं क्रीम, कागदी टोप्या, पेपर प्लेट्स, आणि आत्याचा पदर थेट तिच्या तोंडावर. 'काय झालं' म्हणून मॉरीन धावत स्टेजसमोर गेली, त्याच क्षणी अस्वलाने शेवटचा उसासा टाकला आणि उरलेलं क्रीम तिच्या बो-टायवर जाऊन बसलं.

मी पडद्याआडून डोकं बाहेर काढलं. चौदा पांढरे चेहरे माझ्याकडे बघत होते आणि पंधरावा मुग्धाचा. तिचे ओठ थरथरायला लागले होते. मनात आलं, संपलं! आता पुढच्या वर्षी ती दोघंही यायची नाहीत. पोरीने नॉर्मल राहा एवढंच मागितलं होतं मेल्या, तेवढंही तुला जमलं नाही!

एमाने नाकावरचं क्रीम बोटाने पुसलं, चाखलं आणि किंचाळली, "डू इट अगेन!"

"अगेन! अगेन!" सगळं टेबल पायांनी जमीन बडवायला लागलं. "हू इज दॅट मॅन?" कुणीतरी ओरडलं.

मुग्धा खुर्चीवर उभी राहिली. "दॅट," ती म्हणाली, "इज माय डॅड!"

(माझ्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं ते क्रीममुळे नव्हतं. क्रीम माझ्यावर उडालंच नव्हतं.)

आत्याने पदर सावरला. इकडेतिकडे पडलेल्या मेणबत्त्या गोळा केल्या, एका प्लेटमध्ये उभ्या केल्या, मॉरीनच्याच लायटरने पेटवल्या आणि मुग्धाला बसवून, कुंकू लावून, रीतसर ओवाळलं. मी मुग्धाकडे भीत भीत बघितलं. तर एमा पुढे आली आणि कपाळ पुढे करून म्हणाली, "मी नेक्स्ट!" म्हणजे म्हणाली इंग्रजीत, पण आत्याला बरोबर समजलं. मग काय, चौदा जणांची रांग! आणि रांग लावत होती कोण? आमची इंडियन-इंडियन नको म्हणणारी मुग्धा! "डोन्ट पुश! आत्याआजी सगळ्यांना करणार!" शेवटी वाकून अडकलेल्या अस्वलालाही आत्याने कुंकू लावलं. म्हणाली, "बिचाऱ्याला दम लागलाय रे."

अस्वल दुरुस्त व्हायला तीन आठवडे लागले. मॉरीनने मला दारापर्यंत पोचवलं आणि पुन्हा या दारात दिसू नका, असं अत्यंत स्वच्छ इंग्रजीत सांगितलं. नव्वदच्या दशकात 'बारनबीज' बंद झालं तोपर्यंत तिने तो हुकूम मागे घेतला नाही.

आणि मुग्धा? त्या वर्षी तिला वर्गातल्या एकूण एक वाढदिवसाचं बोलावणं आलं, सगळे 'बारनबीज'मध्ये! दर वेळी तिला सोडायचं आणि कार पार्कमध्ये थर्मासमधला चहा पीत बसायचं, हे माझं काम. एमाच्या वाढदिवसाला अर्ध्या तासात मुग्धा धावत गाडीपाशी आली.

"काय गं? काय झालं?"

"बाबा, अस्वल आज एकदम नीट चालला. सगळे बोअर झाले. एमाचा डॅड विचारतोय, तू फक्त दोन मिनिट येशील का?"

मी तिच्याकडे कडक नजरेने बघितलं. माणसाला काही प्रतिष्ठा असते, पंधरा वर्षांचा अनुभव असतो, चुकांतून घेतलेला धडा असतो. मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि विचारलं, "मागचं दार उघडं आहे का?"