निळी गाडी, तांबडी गाडी

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५. सकाळचे सात वाजून पाच मिनिटे. पिंगळीच्या घराच्या ओट्यावर उभा राहून मी फोनवर गाडी मागवली. पत्नीला आठ वाजता परभणीत डायलिसिसच्या खुर्चीत बसवायचे होते. साडेआठपर्यंत रुग्ण पोहोचला नाही, तर त्याची पाळी प्रतीक्षेतल्या माणसाला देतात. तो तिथला नियम आहे आणि योग्य आहे. शनिवारची पाळी यंत्र बिघडल्याने बुडाली होती. तिच्या पायांवर सूज होती. आडवे पडवत नव्हते.

आमचा नेहमीचा रिक्षावाला दिवाळीनंतर कुटुंबासह ऊसतोडीला गेला. तेव्हा मुलाने माझ्या फोनमध्ये गाडी बोलावण्याच्या दोन सेवा घालून दिल्या. एकीचे चिन्ह निळे, दुसरीचे तांबडे. भूमापन खात्यात चौतीस वर्षे काढल्यामुळे मोजल्यावाचून विश्वास ठेवण्याची मला सवय नाही. मी दोन्ही आळीपाळीने वापरून पाहिल्या. निष्कर्ष असा, की निळी वेळ कमी सांगते आणि उशिरा येते. तांबडी जास्त सांगते, पण पाळते. त्या सकाळी तांबडीवर गाडीच दिसेना, म्हणून निळी मागवली.

तिने बारा मिनिटे सांगितली. वीस मिनिटे झाली तरी नकाशावरची गाडी रेल्वे फाटकापाशी जागची हलली नव्हती. चालकाचा फोन लागत नव्हता. मी तांबडी उघडली. आता तिथे एक गाडी होती, चौदा मिनिटांवर. माझा निष्कर्ष मला आठवला. मी निळी रद्द केली आणि तांबडी मागवली.

गाडीचा क्रमांक उमटला. तोच होता.

मी तो दोनदा वाचला. एवढ्यात तीही फेरी चालकाने रद्द केली. यावेळी फोन लागला.

"काका, दोन्हीकडून तुमीच व्हय?" तो म्हणाला. "फाटकात अडकलो व्हतो. तुमी तोडलं म्हणून गाडी माघारी फिरवली. पुन्हा पिंगळीच आलं, मला वाटलं कुणीतरी खोडी काढायलंय."

"कुठवर गेलात?"

"निम्म्यात."

विनंती करण्याचे प्रसंग मी आयुष्यात टाळत आलो. "पत्नीचे डायलिसिस आहे," मी म्हणालो. "साडेआठच्या आत पोहोचलो नाही तर पाळी जाते. कृपा करून या."

"अवो, हे आधी सांगायचं न्हाई का! आलोच."

पत्नी पायरीवर बसून सारे ऐकत होती. दर दोन शब्दांनंतर तिला श्वास घ्यावा लागत होता, तरी ती बोललीच. "जलमभर लोकांच्या... जमिनी मोजल्या. आन् एक गाडी... मोजता येईना."

मी तिची पिशवी उचलून ओट्याच्या कडेला आणून ठेवली.

सात वाजून पंचावन्न मिनिटांनी गाडी आली. पुढच्या काचेखाली दोन फोन शेजारी शेजारी अडकवलेले होते. एकावर निळे चिन्ह, दुसऱ्यावर तांबडे.

"दोघांत खरे कोण बोलते?" मी विचारले.

"खरं-खोटं काय न्हाई काका. दोन्हीकडं आमी तीच चार पोरं. फाटक उघडं असलं की लवकर, बंद असलं की उशीर. एवढाच फरक हाय."

फाटक बंद होते. मालगाडी रुळावर उभी होती, चालत नव्हती. चालकाने इंजिन बंद केले. पत्नीने काच खाली करायला सांगितले आणि तोंड बाहेर काढून ती हवा घेत राहिली. मी घड्याळ पाहणे थांबवले, कारण तिचे लक्ष माझ्या मनगटाकडे होते. मालगाडी हलली तेव्हा चालक एवढेच म्हणाला, "धरून बसा, मावशी."

आठ वाजून छत्तीस मिनिटांनी आम्ही रुग्णालयाच्या दारात होतो. खुर्चीत दुसरा रुग्ण होता. त्याच्या हातात सुई गेलेली होती. परिचारिकेने आधी पत्नीला प्राणवायू लावला, डॉक्टरांना बोलावले आणि मग मला सांगितले, "बाबा, एक वाजता एक खुर्ची सुटेल. पण तीनच तास मिळतील. चालेल?"

"चालेल," मी म्हणालो. आणखी काय म्हणणार होतो? नेहमीच्या चार तासांतला एक तास मी माझ्या निष्कर्षापायी घालवला होता. मी फेरी रद्द केली नसती, तर फाटक उघडताच चालक आमच्या बाजूला आला असता.

तीन तासांनी सूज थोडी उतरली, पूर्ण नाही. सायंकाळी सहाला घरी आलो. ती उशा लावून टेकून झोपली. मी त्याच चालकाला फोन केला. गुरुवारच्या पाळीसाठी सकाळी सव्वासहाच्या आत फाटक ओलांडून गाडी आमच्या दारात उभी करायची, हे त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले आणि फोन चार्जिंगला लावला.