घोटलेली फळी

जुन्नरच्या कागदी आळीत रहमतुल्लाइतका गुळगुळीत कागद कुणाचा नसे. घोटायच्या फळीवर ताव पसरून तो अकिकाचा दगड असा फिरवी, की त्यावर बसलेली माशी घसरावी. गुळगुळीत ते चांगलं, खरबरीत ते वाईट; एवढंच त्याचं शास्त्र.

त्याची बायको बिबिजान. मूलबाळ नव्हतं, म्हणून तिचा सगळा जीव कोंबड्यांवर, त्यातही लंगड्या भुरीवर. भुरीचा पाय रहमतुल्लाच्याच हातून गेला होता. घाईत खुराड्याचं दार तिच्या पायावर आपटलं होतं. बिबिजान कधी चकार शब्द बोलली नाही. मुंगसाच्या भयानं खुराडं कमरेएवढ्या खांबांवर उचललेलं, म्हणून रोज संध्याकाळी ती भुरीला कडेवर घेऊन आत ठेवी. ते बघताना याला खाली पाहावंसं वाटे.

बहिणीच्या बाळंतपणाला बिबिजान येडगावला निघाली. जाताना म्हणाली, "अवो, भुरीला सांजंला उचलून आत ठेवा. तिला चढवत न्हाई."

"तू जा बिनघोर. मी चढायला फळीच लावून देतो," हा म्हणाला.

त्यानं घोटायची जुनी सागवानी फळी काढली, दाराला तिरकी टेकवली आणि सवयीनं वरून दगडही फिरवला! बाकीच्या कोंबड्या फडफडत आत गेल्या. भुरी अर्ध्यापर्यंत चढली आणि घसरत खाली आली. त्यानं तिला आत ठेवलं. 'शिकेल हळूहळू,' तो मनाशी म्हणाला. फळी खरबरीत करावी, हे कागद्याच्या डोक्यात यावं कुठून?

दुसऱ्या दिवशी सांजेला आभाळ भरून आलं. भिंतींवर ताव वाळत होते, ते सोडवण्यात अंधार पडला. फळी आहे, चढली असेल, म्हणून त्यानं न बघताच खुराड्याचं दार लावलं.

सकाळी फळीखाली भुरी पिसं पडली होती. मुंगसानं काम साधलं होतं. पण रहमतुल्लाचे डोळे फळीवर खिळले. आरशासारख्या लाकडावर नखांचे ओरखडे होते, खालपासून अर्ध्यापर्यंत, एकावर एक. किती वेळा चढली असेल बिचारी! पाय मोडला तोही आपण, जीव घेतला तोही आपणच.

मग त्यानं बांबूच्या कामट्या आणल्या आणि आडव्या ठोकल्या, नेमक्या त्या ओरखड्यांवर. वरातीमागून घोडं.

बिबिजान परतली. भुरीचं कळल्यावर पदर तोंडाला लावून रडली. मग तिचं लक्ष फळीकडे गेलं. कामट्यांवरून हात फिरवत ती म्हणाली, "तुमी तरी काय करणार? लंगडीसाठी एवढ्या पायऱ्या करून दिल्या. तिचं नशीबच खोटं."

'त्या मागून ठोकल्या,' एवढं सांगायला त्यानं तोंड उघडलं. पण ती त्याच्याकडे मायेनं बघत होती, लग्नानंतर बघायची तशी. शब्द घशातच राहिला, आणि पुढं कधी निघालाच नाही.

त्यानंतर आळीतली कुणी बाई आली, की बिबिजान तिला हाताला धरून खुराड्यापाशी नेई. "बघा तरी, आमच्या ह्यांनी ही फळी भुरीसाठी केली व्हती!"

आत रहमतुल्ला कागद घोटत असे. तेवढ्या वेळापुरता दगड जोरात चाले, तिचं बोलणं ऐकू येऊ नये इतका.