जवाईचा पेचकस

डोळ्यांना दिसतं ते सगळं अर्धवटच असतं, या एका मतावर अख्खं आयुष्य काढलेली एकच व्यक्ती मी पाहिली, ती म्हणजे माझी थोरली मेहुणी. आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो. देवरीकडच्या एका सरकारी दवाखान्यात त्यांनी सारी नोकरी मलेरियाच्या काचपट्ट्या तपासण्यात घालवली. पट्टीवर शंभर जागी बघितल्याशिवाय ‘नाही’ म्हणायचं नाही, हा तिथला नियम त्यांनी घरातही लावला. निवृत्त होऊन कुडव्याला राहायला आल्या तरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी त्या त्याचे डोळे पिवळे आहेत का ते बघत. लग्नाच्या मांडवात सगळे नवरीचे दागिने बघत असताना बाई भिंतीवरचा डास बघत उभ्या असत, आणि तो कसा बसला आहे यावरून तो कोणत्या जातीचा, हे वरबापाला बोलावून सांगत.

माझी सोयरीक त्यांच्यामुळेच जुळली. मुलगी बघायला आम्ही दवनीवाड्याला गेलो, तेव्हा माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली. बाईंनी ते ऐकलं, थंडी वाजते का म्हणून विचारलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून मी हो म्हणालो. त्यांनी आत जाऊन सुई आणली आणि माझ्या वडिलांच्या देखत माझ्या बोटातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. तिसऱ्या दिवशी निरोप आला, पोरगा निगेटिव्ह आहे, द्यायला हरकत नाही.

पुढे सासरवाडीत माझी ओळख झाली ती कॉम्प्युटरवाले जवाई म्हणून. वास्तविक मी कचेरीत बाबू. पण तालुक्यात कॉम्प्युटर नवे होते तेव्हा मी एक घेतला होता, आणि बंद पडला की तो पुन्हा चालू करून बघायचा, एवढी विद्या माझ्याजवळ होती. तेवढ्यावर माझी दहा वर्षं मानात गेली.

बाईंची मुलगी नागपूरला आर्किटेक्चर शिकत होती. शेवटच्या वर्षाचं काम घेऊन, कॉम्प्युटरच्या डब्यासकट ती घरी आली होती. मंगळवारी काम कॉलेजात द्यायचं होतं आणि निम्मी चित्रं व्हायची होती. रविवारी सकाळी मी तिथे गेलो, तर डब्यातून घरघर ऐकू आली. मी म्हणालो, धूळ असेल, मी काढतो. ती नको म्हणत होती. मी ऐकलं नाही. आतलं ग्राफिक्स कार्ड खाचेत अडकून बसलं होतं. हाताने निघेना म्हणून मी कडेला पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर, घातला आणि जोर लावला. पेचकस सटकला आणि कार्डावरून खर्रकन गेला. कार्ड परत बसवून बटण दाबलं, तर पंखे फिरले आणि पडदा काळाच राहिला.

मी व्होल्टेजला दोष दिला. गोंदियाच्या दुकानदाराला फोन केला, तो म्हणाला, आठ दिन लगेंगे. माझ्या घरच्या कॉम्प्युटरवर तिचं सॉफ्टवेअर उघडेना.  भाची भिंतीकडे तोंड करून खाटेवर बसली, आणि मला कुणीतरी चार शिव्या द्याव्यात असं वाटायला लागलं.

तेवढ्यात बाई भिंग घेऊन आल्या. कार्ड उजेडात धरून त्यांनी बराच वेळ बघितलं आणि हळू आवाजात विचारलं, “लाइटनं असा ओरखडा पडते का, जवाई?”

पेचकस सटकला, मी म्हणालो. कार्डावरचे मोहरीहून बारीक असे तीन भाग जागेवर नव्हते. बाईंनी जमिनीवर पांढरा कागद पसरला, डब्यातली सगळी धूळ त्यावर झाडली आणि एका कोपऱ्यापासून ओळीने बघायला लागल्या. दोन भाग सापडले. तिसरा माझ्या पायमोज्याला चिकटलेला होता, तो फुटला होता. घरून मी माझं मेलेलं जुनं कार्ड आणि कढया, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, आणला. शेजारचे भाग दिसायला सारखेच होते, तेव्हा तिसराही तसाच असावा असं धरून बाईंनी जुन्या कार्डावरून त्याच रंगाचा, त्याच मापाचा एक निवडला.

डाग द्यायचं काम अर्थातच माझं.  पण बाईंनी चिमट्यात भाग धरला होता, तो मी कढयाच्या टोकाने दोनदा उडवला. त्यांनी माझ्या हातातून कढया घेतला. आयुष्यात पहिल्यांदाच धरत होत्या. मी नुसतं सांगत होतो, आधी एक टोक चिकटवा, मग दुसरं. दर वेळी त्या श्वास रोखत, आणि तेवढ्या वेळापुरता त्यांचा हात दगडासारखा स्थिर होई. शेवटी पडद्यावर उजेड आला तेव्हा भाची रडत होती. बाईंनी पडद्याकडे बोट दाखवून तिला सांगितलं, “पाय, तुह्या मावसानं दुरुस्त केलं.”

 पुढे ही गोष्ट मी अनेकांना सांगितली आणि प्रत्येक वेळी तीत माझा हात आणखी स्थिर होत गेला. आर्किटेक्ट झालेल्या भाचीच्या पहिल्या कामाचं कौतुक करायला सगळे जमले, तेव्हा मात्र राहवेना. मी खरं सांगायला उभा राहिलो. बाईंनी माझी बाही ओढली. “राहू द्या न. कायले सांगता? घरात एक तरी मेकॅनिक पायजे.”

आता बाईंच्या दोन्ही डोळ्यांत पडदा आला आहे, ऑपरेशन होऊनही फारसं दिसत नाही. परवा कुडव्याला गेलो तर त्या ओट्यावर बसल्या होत्या. मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्यांनी ओळखलं नाही, कोण आहे म्हणून विचारलं. मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुढे केला, माझा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत सावकाश चाचपला, आणि म्हणाल्या, “वाळले तुमी.”

माझ्या घरात हे अजून कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.