कुलपातली खुर्दबीन

आमच्या शाळेत सगळ्या शिक्षिका ‘आपा’ आहेत, मी एकटीच ‘मॅडम’. नागपूरच्या जुन्या वस्तीतली उर्दू माध्यमाची मुलींची शाळा आहे आणि मी तिथं मराठी शिकवते. मी मूळची उमरेडची, कोष्ट्याच्या घरची. नोकरी लागली तेव्हा आईनं कपाळाला आठ्या घालून विचारलं होतं, “तिकडं काहून जाऊन राहिली वं? दुसरी शाळा नाही भेटली तुले?” मी म्हटलं, आई, पोरी सगळीकडे सारख्याच असतात, अभ्यास न करता आलेल्या आणि वर तोंड करून हसणाऱ्या. ते खरंच निघालं. माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरींचे आजोबाही विणकरच होते. आमच्या घरी ज्या शिव्या मागाला बसायच्या त्याच त्यांच्या घरीही बसायच्या, फक्त भाषा वेगळी.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या आपा म्हणतात. त्यांच्या खोलीत एक काचेचं कपाट आहे. त्यात चंचुपात्रं, परीक्षानळ्या, एक पृथ्वीचा गोल, आणि मधल्या फळीवर एक खुर्दबीन. म्हणजे आपला मायक्रोस्कोप. पोरींच्या उर्दू पुस्तकात तिला खुर्दबीन म्हणतात आणि मलाही आता तोच शब्द जवळचा वाटतो. शाळेची एक जुनी विद्यार्थिनी आखातात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिनं ती पाठवली होती. विज्ञान दिन जवळ आला की कपाट उघडायचं, सगळं पुसायचं, टेबलावर पांढरी चादर घालून मांडायचं, प्रत्येक वस्तूपुढं नावाची चिठ्ठी ठेवायची. पाहुणे येऊन बघून गेले की संध्याकाळच्या आत सगळं परत कपाटात आणि कपाटाला कुलूप. पोरी प्रयोग करायच्या ते वहीत. आकृती काढा, भागांना नावं द्या. खुर्दबिनीची आकृती आमच्या पोरी अशी सुरेख काढतात की बघत राहावं.

हे फक्त याच शाळेत होतं असं कोणी समजू नये. उमरेडच्या माझ्या मराठी शाळेतही असंच कपाट होतं आणि त्याची किल्ली शिपायाच्या करगोट्याला असायची. पण मी हे जेव्हा जेव्हा कोणाला सांगितलं आहे, तेव्हा स्वतःची समजूत घालण्यासाठीच सांगितलं आहे.

या वर्षी नागपूरच्या सदर भागातल्या एका महाविद्यालयात आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा होती. विषयांत एक विषय होता, ‘मुस्लिम जग आणि विज्ञान’. मोठ्या आपांनी मला बोलावलं. “मॅडम, ये तो हमारा सब्जेक्ट है. मराठी में अपनी बच्ची बोलेगी तो सब देखते रह जाएँगे.” मी लगेच हो म्हटलं. दहावीतली एक मुलगी माझ्या डोळ्यांपुढं होतीच. उंच, सडपातळ, बोलताना नाकावरचा चष्मा बोटानं वर सरकवणारी, आणि मराठीच्या पेपरात शुद्धलेखनाची एकही चूक न करणारी.

आमच्याकडे स्पर्धेचं भाषण मुलगी करत नाही, ते तिच्याकडून बसवून घेतात, स्नेहसंमेलनातला नाच बसवतात तसं. लिहायचं मॅडमनं, पाठ करायचं मुलीनं. ‘आकाश’ आलं की हात वर, ‘अंतःकरण’ आलं की हात छातीवर. परीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरंही आधीच घोटून घ्यायची. सगळ्या शाळा हेच करतात, सगळ्या परीक्षकांना ते माहीत असतं, आणि तरी सगळे टाळ्या वाजवतात. यात मी चांगलीच तयार आहे. शाळेतल्या अर्ध्या ढाली माझ्या लेखणीच्या आहेत, असं मी स्टाफरूममध्ये चेष्टेत म्हणते आणि मनातून खरं मानते.

भाषण झकास जमलं होतं. बीजगणित आलं, वेधशाळा आल्या, दवाखाने आले. मधोमध एक विद्वान होता, हजार वर्षांपूर्वीचा. अंधाऱ्या खोलीत बसून, भोकातून आत येणाऱ्या उजेडाचा माग काढत त्यानं डोळ्याला दिसतं कसं हे शोधून काढलं. तिथं मी वाक्य घातलं होतं, ‘कोणा मोठ्या माणसानं सांगितलं म्हणून मानू नका, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा, हाच विज्ञानाचा पहिला धडा.’ या वाक्याला उजव्या हाताचं बोट डोळ्यापाशी न्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशीच मुलगी पाठ करून आली. म्हणून दाखवलं आणि मग चष्मा वर सरकवून म्हणाली, “मॅडम, मले याच्यात एक गोष्ट टाकाची आहे.”

“काय?”

“आपल्या शाळेत खुर्दबीन आहे, पण आमी कोणीच तिले अजून हात नाही लावला. हे शेवटी बोलाचं आहे.”

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “काहून नाही? खोटं आहे का?”

खोटं नव्हतं, हीच तर अडचण होती. मी तिला समजावलं की घरातली गोष्ट चारचौघांत काढायची नसते. झाकली मूठ सव्वा लाखाची. ते ऐकून इतर शाळांचे लोक म्हणतील, बघा, हे लोक असेच. तुझ्या एका वाक्यानं सगळ्यांची मान खाली जाईल. हे सगळं मी तिला सांगितलं. जे सांगितलं नाही ते असं, की मुलगी असं बोलली तर शाळेत सगळे म्हणतील की मॅडमनंच लिहून दिलं, शेवटी परकी ती परकीच. मला माझी खुर्ची सांभाळायची होती आणि त्यावर मी त्यांच्या अब्रूची शाल पांघरली.

मग तिनं तिच्या मोठ्या बहिणीची गोष्ट सांगितली. बाजी याच शाळेतून दहावी झाली, चांगले मार्क मिळाले, हट्टानं अकरावीला सायन्स घेतलं. पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी स्लाइड लावायला सांगितली. बाजीला सगळ्या भागांची नावं पाठ होती, पण डोळा कुठं लावायचा आणि कोणता स्क्रू कुठं फिरवायचा ते कळेना. तिनं वरून डोकावून बघितलं. बॅचची पोरं-पोरी हसली. दिवाळीच्या आत बाजीनं सायन्स सोडलं आणि आता ती घरी बसून शिवणकाम करते.

“मले तसं नाही होऊ द्याचं,” ती म्हणाली. “परीक्षा झाली की मी जाऊन राहिली इथून. त्याच्या आधी एकदा तरी बघाची आहे त्याच्यातून.”

मी तिला शब्द दिला. म्हटलं, तू नंबर आण, मी स्वतः मोठ्या आपांकडून कपाट उघडून घेते. चांगला सौदा केला असं मला वाटलं.

स्पर्धेच्या दिवशी रोजे सुरू होते. मी विसरून तिच्यापुढं नाश्त्याचा डबा धरला. ती हसली आणि भावासाठी म्हणून तिनं तो पिशवीत ठेवला. व्यासपीठावर गेली आणि अशी बोलली की सभागृह गप्प झालं. हात जिथं वर जायला हवा तिथं वर गेला, बोट डोळ्यापाशी गेलं. मग परीक्षकांपैकी एक वयस्कर गृहस्थ पुढं वाकले आणि त्यांनी विचारलं, “बेटा, एवढा मोठा वारसा आहे, मग आज तुम्ही मागे का?”

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. ती काय विचारते आहे ते मला कळलं, आणि मी ‘नाही’ म्हणून मान हलवली. अगदी थोडी, शेजारच्या बाईलाही कळली नसेल एवढी. मग तिनं मी घोटून घेतलेलं उत्तर दिलं, “सर, दिवा विझलेला नाही, फक्त वाऱ्यापासून जपायला हवा.” टाळ्यांचा कडकडाट झाला. ते गृहस्थ म्हणाले, “उर्दू शाळेची मुलगी, आणि काय शुद्ध मराठी!” एवढ्या शास्त्रज्ञांची नावं ऐकून त्यांना कौतुक वाटलं ते मराठीचं. आणि मी मूर्खासारखी फुलून गेले, कारण ते कौतुक माझं होतं.

पहिला नंबर आला. दुसऱ्या दिवशी शाळेत मोठ्या आपांनी तिला कुशीत घेतलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या वाईट बाई नाहीत, हे सांगायला हवं. मी खुर्दबिनीचं काढलं तेव्हा त्या आधी कचरल्या. “टूट गई तो मॅडम? दूसरी कौन देगा हमको? हमारे टाइम में तो अलमारी भी नहीं थी. अब है, तो डर लगता है.” त्या याच शाळेच्या विद्यार्थिनी. मग स्वतःच म्हणाल्या, “चलो. बच्ची ने नाम किया है. आज देखेगी.”

ढाल ठेवायला कपाट उघडलंच होतं. खुर्दबीन बाहेर आली, खिडकीपाशी उन्हात टेबलावर ठेवली गेली. सायन्सच्या आपांनी कांद्याचा पापुद्रा काढून स्लाइड तयार केली. खोलीत सगळा स्टाफ जमला, दारात पोरींची गर्दी. कोणीतरी मोबाइल काढला, कारण आखातातल्या त्या बाईंना फोटो पाठवायचा होता.

सायन्सच्या आपांनी आधी डोळा लावला. स्क्रू कडक झाला होता, दोन्ही हातांनी फिरवावा लागला. त्या बराच वेळ वाकून राहिल्या. मग उठल्या, ओढणीच्या टोकानं चष्मा पुसला आणि कोणाकडे न बघता म्हणाल्या, “हाँ. ठीक है.”

मुलगी पुढं आली. चष्मा काढला, एक डोळा मिटला, दुसरा लावला. योग्य तिथंच लावला, बहिणीसारखी चूक केली नाही. खोलीत कोणी हलत नव्हतं. मोठ्या आपांनी विचारलं, “दिखा बेटा?”

तिनं मान वर केली. आधी मोठ्या आपांकडे पाहिलं, मग मोबाइलकडे, मग माझ्याकडे. सदरच्या सभागृहात पाहिलं होतं तसंच. या वेळी मी मान हलवली नाही, तशी गरजच उरली नव्हती. ती म्हणाली, “जी आपा. बहुत साफ दिखता है.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

“मॅडम, आप भी देखो,” मोठ्या आपा म्हणाल्या. मी वाकले. कांद्याच्या पेशी विटांच्या भिंतीसारख्या दिसतात हे शाळेच्या पुस्तकातलं चित्र मला आठवत होतं. आत भिंत नव्हती. पांढरं धुकं होतं आणि त्यात कापसाच्या पेळूतून सुटलेल्या धाग्यांसारखं काहीतरी पसरलेलं होतं. मी स्लाइड थोडी सरकवली. धागे जागचे हलले नाहीत. मग मला कळलं की ते कांद्याचे नाहीत, भिंगाचे आहेत. बंद कपाटात, एका पावसाळ्यामागून दुसऱ्या पावसाळ्यात भिंगाला बुरशी खाऊन गेली होती. फुटू नये म्हणून जपता जपता खुर्दबीन आंधळी झाली होती.

आता बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. दुरुस्ती झाली असती, निदान त्या मुलीला कळलं असतं की दोष तिच्या डोळ्यात नाही. पण मोठ्या आपा माझ्याकडे बघत होत्या, त्यांचा चेहरा नुकतंच लग्न जमलेल्या घरासारखा उजळला होता. मी म्हटलं, “वा. छान दिसतंय.” मग एकेक करून सगळ्यांनी पाहिलं, आणि एकेक करून सगळ्यांना दिसलं. फोटो गेला. थोड्याच वेळात आखातातून उत्तर आलं आणि मोठ्या आपांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या बाईंनी लिहिलं होतं की आज माझी भेट कारणी लागली, अल्लाह त्या मुलीला खूप शिकवो. ते ऐकताना सायन्सच्या आपा खिडकीबाहेर बघत होत्या. मी जमिनीकडे. मला तेव्हा जी लाज वाटली ती मी या शाळेत, किंवा कुठंही, याआधी अनुभवलेली नाही.

खुर्दबीन परत मधल्या फळीवर गेली. तिच्यापुढं ढाल ठेवली, ती मोठी असल्यामुळे खुर्दबीन आता अर्धीच दिसते. मोठ्या आपांचे हात मोकळे नव्हते म्हणून कुलूप मी लावलं.

पोरी पांगल्यावर मी तिला फाटकापाशी गाठलं. माफी मागायची होती, पण माझ्या तोंडून निघाला तो मॅडमचाच प्रश्न. म्हटलं, “खरं सांग, काय दिसलं तुला?”

तिनं चष्मा वर सरकवला. रागावलेली नव्हती. मला समजून घेतल्यासारखं, थोडं दयेनंच ती माझ्याकडे बघत होती.

“तुमाले जे दिसलं, तेच दिसलं मले, मॅडम,” ती म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून घरी गेली.